पद्मिनीचे इंजिन उघडताना: ठोका कुठला आणि झीज कशामुळे?

धागाकर्ता, पाचपाखाडी, ठाणे

नमस्कार मंडळी. वडिलांनी १९८६ साली घेतलेली आमची प्रीमिअर पद्मिनी मी या आठवड्यात उघडायला घेतली आहे. वडील गेल्यानंतर गाडी सहा वर्षे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये आच्छादनाखाली उभी होती. बॅटरी, प्लग, पॉइंट, ब्रेकचे रबर आणि इंजिन ऑइल बदलून मी ती सुरू केली आणि त्यानंतर ती साधारण नऊशे किलोमीटर चालली. आता मात्र तिची तब्येत बिघडली आहे. घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा चढ चढताना खालून एक जड, बोथट ठोका ऐकू येतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की तो जवळजवळ नाहीसा होतो. इंजिन चांगले तापल्यावर गाडी सिग्नलला उभी राहिली की ऑइलचा दिवा लुकलुकतो. जोर दिला की मागून फिकट निळा धूर येतो. एक गोष्ट तेवढी समाधानाची आहे, ती म्हणजे धूर येत असूनही ऑइलची पातळी कमी झालेली नाही. पट्टीवर ती वरच्या खुणेच्या खाली गेलेली नाही.

इंजिन उतरवण्यापूर्वी, ते गरम असतानाच, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजले. पहिल्या सिलिंडरचे १२५ पीएसआय, दुसऱ्याचे १२०, तिसऱ्याचे ८५ आणि चौथ्याचे ११८ आले. तिसऱ्यात प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले, तेव्हा आकडा ११० वर गेला. इंजिन चालू असताना एकेका प्लगची वायर काढूनही पाहिली; तिसऱ्याची काढल्यावर ठोका स्पष्टपणे मंदावला.

वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्यांना हे सांगितले. ते म्हणाले की ब्लॉक आणि क्रँक आणून द्या, बोअर करू (सिलिंडरची भोके नव्याने कोरू), क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दंड) घासू, आठवड्यात काम होईल. त्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही, पण हे इंजिन मला एकदाच आणि नीट बांधायचे आहे. म्हणून विचारतो आहे: उघडताना काय पाहायचे, कोणत्या क्रमाने, आणि दिसेल त्याचा अर्थ कसा लावायचा?

सदस्य, मानपाडा, ठाणे

मी तीस वर्षे इंजिनांच्या मशीनिंगचे दुकान चालवले, आता निवृत्त आहे. तुम्ही उघडण्याआधी विचारलेत याचा मला मनापासून आनंद झाला, कारण आमच्याकडे येणारी बहुतेक इंजिने धुऊन, डिझेलने पुसून, लखलखीत होऊन यायची, आणि ज्या मळीत, काजळीत आणि खरडांत आजाराची सगळी हकीकत लिहिलेली असते ती गटारात गेलेली असायची. म्हणून माझी पहिली विनंती अशी की काहीही धुऊ नका. प्रत्येक भाग निघेल तसा त्याचा फोटो काढा, कोणत्या सिलिंडरचा, कोणत्या बाजूचा, वरचा की खालचा, हे कागदी चिठ्ठीवर लिहून त्याच्याबरोबर बांधा, आणि मगच बाजूला ठेवा.

तुमचे आकडे बरेच काही सांगतात. ऑइल टाकल्यावर तिसऱ्याचे कॉम्प्रेशन २५ पीएसआयने वाढले, म्हणजे गळती प्रामुख्याने पिस्टनच्या रिंगांपाशी आहे. व्हॉल्व्ह गळत असते तर ऑइलने एवढा फरक पडला नसता. शेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकत्र पडले असते तर मी त्यांच्या मधली हेडची पॅकिंग फुटली असे म्हटले असते, तसे येथे नाही. मात्र ऑइल टाकूनही तिसरा बाकीच्यांच्या बरोबरीला आलेला नाही, तेव्हा तिथे आणखी काहीतरी असू शकते.

आवाजाविषयी. भार पडला की वाढणारा आणि त्या सिलिंडरचा स्फोट थांबवला की मंदावणारा बोथट ठोका बहुधा कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याच्या, मोठ्या टोकाच्या बेअरिंगचा असतो. मेन बेअरिंगचा आवाज याहून खोल, तो कानांपेक्षा पायाखालच्या पत्र्याला अधिक जाणवतो. पिस्टन बोअरमध्ये सैल झाल्याचा खडखडाट थंड इंजिनात जास्त असतो आणि तापल्यावर कमी होतो. गजन पिनचा, म्हणजे पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचा, आवाज बारीक, टणक आणि दुहेरी. तुमच्या वर्णनावरून मी तिसऱ्याच्या मोठ्या टोकावर बोट ठेवतो.

आता क्रम. या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनिअमचे आहे, म्हणून हेड पूर्ण थंड झाल्याशिवाय बोल्ट सोडू नका, आणि सोडताना टोकांकडून मध्याकडे, प्रत्येक बोल्ट थोडा थोडा करत या. पुशरॉड एका पुठ्ठ्याला आठ भोके पाडून त्यात क्रमाने खोवा. टॅपेट ज्या कॅमवर घासून बसले त्याच कॅमवर परत गेले पाहिजेत, अदलाबदल झाली तर दोन्ही खराब होतात. रॉड आणि त्यांच्या टोप्या यांवर जुळणाऱ्या खुणा आहेत का ते सोडण्याआधी पाहा, नसतील तर कॅमशाफ्टच्या बाजूने पंचने ठिपके मारा. मेन बेअरिंगच्या तीन टोप्यांचेही तसेच. टोपी एकत्र बसवून बोअर केलेली असते, त्यामुळे दुसऱ्याची टोपी कितीही नेमकी बसली तरी ती गोल होत नाही.

सदस्य, नेरूळ, नवी मुंबई

दादा, वरील सर्व बाबी योग्य आहेत, परंतु मला तुमच्या पहिल्याच परिच्छेदातील एका वाक्याने अस्वस्थ केले आहे. इंजिन निळा धूर देते, म्हणजे ते ऑइल जाळते आहे. नऊशे किलोमीटर जाळूनही पट्टीवरची पातळी खाली आलेली नाही. मग जळालेल्या ऑइलची जागा कोणी भरून काढली? ही समाधानाची गोष्ट नाही. या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत काळजीची गोष्ट हीच असण्याची शक्यता आहे.

ऑइलमध्ये एकतर पाणी जात असेल किंवा पेट्रोल. पाणी असेल तर ऑइल पांढरट, दुधाळ होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात उभ्या असलेल्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली थोडा पिवळसर साका नुसत्या दमटपणानेही जमतो, त्यावरून लगेच घाबरू नये, मात्र चेंबरमधले (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतले) ऑइल दुधाळ असेल तर गोष्ट गंभीर आहे. पेट्रोल असेल तर ऑइल काळेच राहते, पण पातळ होते आणि वास येतो. कृपया चेंबरचा नट सोडताना खाली मोजता येईल असे भांडे ठेवा, आणि ऑइल फेकू नका. आसपास ज्योत किंवा पेटता दिवा नको.

धागाकर्ता

नेरूळच्या सदस्यांचे आभार कसे मानावेत ते कळत नाही. मी भरले होते त्यापेक्षा सुमारे पाऊण लिटर ऑइल जास्त निघाले. त्याला पेट्रोलचा वास स्पष्ट येतो आणि दोन बोटांत धरले तर ते पाण्यासारखे ओघळते. नव्या ऑइलचा एक थेंब आणि या ऑइलचा एक थेंब टिपकागदावर शेजारी शेजारी टाकले. याच्याभोवती फिकट रंगाची रुंद कड पसरली, नव्याचा थेंब जागच्या जागी राहिला. दुधाळपणा अजिबात नाही.

हेडही निघाले. पोलादी पट्टी आणि फीलर गेजने तपासले तेव्हा मधोमध ०.०८ मिलिमीटरची पोकळी मिळाली, आणि पाण्याच्या दोन छिद्रांभोवती अ‍ॅल्युमिनिअम खाल्लेले आहे. आमच्याकडे कितीतरी वर्षे रेडिएटरमध्ये साधे नळाचे पाणीच भरले जात होते, त्याचाच हा परिणाम दिसतो. पॅकिंग मात्र कुठेही फुटलेली नाही. व्हॉल्व्हच्या पोर्टमध्ये रॉकेल ओतून पाहिले. सात व्हॉल्व्हनी ते धरून ठेवले, चौथ्याच्या एक्झॉस्टमधून किंचित झिरपले.

आणखी एक गोष्ट, जिचा अर्थ मला लागलेला नाही. चारही बोअरच्या वरच्या टोकाला, जिथपर्यंत वरची रिंग पोहोचते तिथे, नखाला अडेल अशी कड तयार झाली आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या बोअरमध्ये ती एकच आहे. तिसऱ्यात दोन आहेत: एक वर, अंधुक, आणि तिच्या किंचित खाली दुसरी, जास्त ठळक.

सदस्य, कळवा, ठाणे

मी स्वतः गॅरेज चालवतो, म्हणून थोडे वेगळे मत मांडतो. बोअर घासलेत, बेअरिंग गेलेत, हे आता ठरलेच आहे. एवढ्या जुन्या गाडीत झीज ही वयाने होतेच. पिस्टन संच, बेअरिंग संच, पेट्रोल पंपाचा संच, व्हॉल्व्ह घासणे आणि हेडला फेस, एवढे केले की गाडी पुन्हा दहा वर्षे चालेल. गिऱ्हाइकाला महिनाभर थांबवून प्रत्येक भागाचा पंचनामा करणे धंद्यात परवडत नाही. तुमची स्वतःची गाडी आहे, वेळ आहे, तर जरूर करा, पण नव्या भागांनी जे काम होणार आहे ते शोध घेतल्याने बदलणार नाही असे मला वाटते.

सदस्य, ऐरोली, नवी मुंबई

मी धातुशास्त्राची अभियंता आहे आणि निकामी झालेले यंत्रभाग तपासणे हाच माझा व्यवसाय आहे. कळव्याच्या दादांचा व्यवहार मला समजतो, गिऱ्हाइकाचा पैसा आणि वेळ वाचवणे हेही कौशल्यच आहे. तरीही मला त्यांच्याशी येथे असहमत व्हावे लागेल. झिजलेला भाग बदलल्याने झीज नाहीशी होते, झिजवणारे कारण तिथेच राहते. नव्या बेअरिंगमध्ये पेट्रोलमिश्रित ऑइल गेले तर नवे बेअरिंगही त्याच मार्गाने जाईल, फक्त त्याला लागणारा काळ आपल्याला आधी सांगता येणार नाही.

धागाकर्त्यांनी आता चेंबर उघडल्यावर रॉडच्या बेअरिंगच्या आठही अर्धगोल वाट्या, म्हणजे चार वरच्या आणि चार खालच्या, एका कागदावर क्रमाने मांडाव्यात आणि तिरप्या उजेडात शांतपणे पाहाव्यात. ऑइल पोहोचलेच नसेल तर पृष्ठभाग पुसल्यासारखा, फासल्यासारखा दिसतो, धातू कडेला ओघळलेला असतो, आणि जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) तापल्याने त्यावर निळसर झाक येते. ऑइलमध्ये कचरा असेल तर मऊ धातूत रुतलेले कण आणि त्यांच्या पुढे फिरण्याच्या दिशेने गेलेल्या रेघा दिसतात. ऑइल पातळ असेल तर खरडा फारसा नसतो. वरचा राखाडी थर सगळीकडून हळूहळू जाऊन खालचा तांबूस थर डोकावू लागतो. थराचे पापुद्रे निघून खड्डे पडले असतील तर ती वारंवारच्या भाराने आलेली थकवा-झीज समजावी. आणि एका वाटीची एक कड घासलेली, तर समोरच्या वाटीची विरुद्ध कड घासलेली असेल, तर ऑइलचा विचार बाजूला ठेवून भूमितीकडे वळावे, कारण तिथे काहीतरी वाकडे आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा की झीज सर्वांची सारखी आहे की एकाची वेगळी. घरातल्या सगळ्यांना एकच दुखणे झाले तर आपण पाण्याकडे पाहतो; एकालाच झाले तर त्याच्या ताटाकडे. इंजिनाचेही तसेच आहे. सर्व वाट्या सारख्या झिजल्या असतील तर कारण सर्वांपर्यंत पोहोचणाऱ्या ऑइलमध्ये आहे. एकच वेगळी असेल तर कारण त्या रॉडमध्ये, त्या जर्नलमध्ये किंवा तिथे जाणाऱ्या ऑइलच्या छिद्रात आहे.

तिसऱ्या बोअरमधल्या दुहेरी कडेबद्दल माझ्या मनात एक शंका आली आहे, पण ती मांडण्याआधी खालचे काय दिसते ते कळू द्या.

धागाकर्ता

उशिराबद्दल क्षमस्व. रविवारचा पूर्ण दिवस आणि नंतरच्या तीन संध्याकाळी यात गेल्या. मोजमापासाठी बोअर गेज आणि मायक्रोमीटर एका स्नेह्याकडून आणले आणि प्रत्येक माप तीनदा घेतले.

मूळ बोअर ६८ मिलिमीटरचा आहे. पिस्टनवर कोणताही ओव्हरसाइजचा आकडा नाही, म्हणजे इंजिन आजवर कधीच बोअर झालेले नाही. प्रत्येक बोअरची मापे कडेच्या लगेच खाली, मध्यावर आणि तळाशी, क्रँकच्या दिशेने आणि तिच्या काटकोनात घेतली. पहिला, दुसरा आणि चौथा बोअर वरच्या भागात ६८.०८ ते ६८.१० मिलिमीटर भरतो. तिसरा वरच्या भागात एका दिशेने ६८.२१ आणि काटकोनात ६८.१२ आहे, म्हणजे तो मोठाही झाला आहे आणि लंबगोलही. नवी रिंग बोअरच्या तळाशी, जिथे झीज जवळजवळ नाही, सरळ बसवून तोंड मोजले तर ०.२५ मिलिमीटर आले. तीच रिंग तिसऱ्याच्या वरच्या भागात बसवली तर तोंड ०.७५ मिलिमीटरपर्यंत उघडते. आधी मला वाटले की माझे काहीतरी चुकले, मग लक्षात आले की रिंग परिघावर बसते, त्यामुळे सरासरी व्यास जितका वाढेल त्याच्या तिपटीहून थोडे जास्त तोंड उघडणारच.

बेअरिंगच्या आठही वाट्या मांडल्या. ऐरोलीच्या ताईंनी सांगितले नसते तर मला फक्त आठ खराब वाट्या दिसल्या असत्या. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या रॉडच्या वाट्या शांतपणे, सगळीकडून सारख्या झिजल्या आहेत. राखाडी थर गेला आहे आणि मधे तांबूस रंग दिसतो. खरडे नाहीत, निळेपणा नाही. मेन बेअरिंगही तशीच आहेत. तिसऱ्या रॉडच्या वरच्या वाटीची पुढची कड आणि खालच्या वाटीची मागची कड मात्र पार घासली आहे, आणि उरलेल्या भागावर अजून राखाडी थर शाबूत आहे. त्या जर्नलला ०.०५ मिलिमीटरचा लंबगोलपणा आहे, बाकीच्यांना ०.०२ च्या आत.

तिसऱ्या पिस्टनच्या अंगावर एका बाजूला वरून खाली तिरका गेलेला चकचकीत पट्टा आहे. इतर तिघांवर घासल्याची खूण अंगाच्या मधोमध, सरळ उभी आहे.

सदस्य, ऐरोली, नवी मुंबई

आता शंका मांडते. तुमच्या इंजिनाला दोन वेगवेगळे आजार आहेत आणि ते वेगवेगळ्या वयाचे आहेत. सर्व वाट्यांची सारखी झीज हा अलीकडचा, पेट्रोलमिश्रित ऑइलचा परिणाम. तिसऱ्याची तिरकी झीज जुनी, आणि तिचे कारण तिसरा रॉड वाकलेला असणे हे असावे. रॉड वाकला की पिस्टन बोअरमध्ये तिरका चालतो, म्हणून अंगावर तिरका पट्टा, वाट्यांच्या विरुद्ध कडांवर झीज आणि लंबगोल बोअर, हे तिन्ही एकाच कारणाने जुळतात.

दुहेरी कडेने माझी खात्री अधिक होते. वाकलेला रॉड थोडा आखूड होतो, त्यामुळे पिस्टन पूर्वीच्या उंचीपर्यंत चढत नाही आणि रिंग किंचित खाली वळू लागते. वरची अंधुक कड ही रॉड सरळ असतानाची, खालची ठळक कड त्यानंतरची. दोन्ही कडांमधले अंतर मोजा. आणि एक विचारते: या इंजिनात कधी पाणी शिरले होते का? पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना कोणी स्टार्टर मारला किंवा गाडी ढकलून सुरू केली, तर पिस्टन वर येता येता पाण्यावर आदळतो आणि जे सर्वांत बारीक आहे ते वाकते. ते बहुधा रॉडच असते.

सदस्य, मानपाडा, ठाणे

ताईंच्या तर्काशी मी पूर्ण सहमत आहे. खात्री करण्याचा सोपा उपाय सांगतो. रॉड पिस्टनसह, जुन्या वाट्यांसकट पुन्हा क्रँकवर बसवा, एकेक पिस्टन सर्वांत वर आणा आणि ब्लॉकच्या पृष्ठभागापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचे अंतर डेप्थ गेजने गजन पिनच्या रेषेवर मोजा, म्हणजे पिस्टनच्या डोलण्याने माप फसणार नाही. मग रॉड मोकळा करून मोठ्या टोकात नेमका बसणारा दंड आणि लहान टोकात गजन पिन घालून, सपाट तक्त्यावर डायल गेजने दोन्ही समांतर आहेत का ते पाहा. आमच्या दुकानात दीडशे मिलिमीटर लांबीला अडीच शतांश मिलिमीटरहून अधिक फरक आला तर आम्ही तो रॉड तसाच परत लावत नसू.

धागाकर्ता

अंतर मोजले. पहिला, दुसरा आणि चौथा पिस्टन एकमेकांपासून ०.०५ मिलिमीटरच्या आत आहेत. तिसरा त्यांच्यापेक्षा ०.४ मिलिमीटर खाली राहतो. दोन कडांमधले अंतरही तेवढेच भरते. समांतरपणात तिसऱ्या रॉडला दीडशे मिलिमीटरवर ०.१८ मिलिमीटरचा फरक आला.

ऑइल टाकूनही तिसऱ्याचे कॉम्प्रेशन बरोबरीला का आले नाही याचेही थोडे उत्तर येथे मिळते. एका सिलिंडरचे आकारमान २७२ घनसेंटिमीटर आणि ज्वलनकक्ष चाळीसेक घनसेंटिमीटरचा धरला, तर पिस्टन ०.४ मिलिमीटर खाली राहिल्याने कक्षात दीड घनसेंटिमीटरची भर पडते, म्हणजे दाब तीन-चार टक्क्यांनी कमी. बाकीची तूट तिरक्या रिंगांची आणि लंबगोल बोअरची असणार, ती चमचाभर ऑइलने भरून निघण्यासारखी नव्हती.

आता ताईंच्या प्रश्नाचे उत्तर. वडील गाडीचा सगळा हिशेब एका वहीत लिहीत असत. पेट्रोल, ऑइल, टायर, एकही खर्च सुटलेला नाही. ती वही मी काल रात्री काढली. २६ जुलै २००५ च्या महापुरात ते मुंबईहून ठाण्याला परतताना कुर्ल्याजवळ अडकले होते. गाडी रस्त्यातच सोडून रात्रभर चालत घरी पोहोचले होते, हे मला आठवते. गाडीचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नव्हते. वहीत लिहिले आहे की चार दिवसांनी ती एका गॅरेजमध्ये ओढून नेली, तिथे धक्का मारून सुरू करण्याचा प्रयत्न झाला, इंजिन अडले, मग प्लग काढून पाणी बाहेर काढले, ऑइल दोनदा बदलले आणि गाडी सुरू झाली. पुढच्याच वर्षीपासून त्यांच्या नोंदींमध्ये दर महिन्याला अर्धा लिटर ऑइल वर ओतल्याचा उल्लेख सुरू होतो, जो त्याआधीच्या एकोणीस वर्षांत एकदाही नाही. ही गाडी बांधली गेली कुर्ल्याच्याच कारखान्यात, आणि तिचा रॉड वाकला तोही कुर्ल्याच्या पाण्याने. वही वाचताना मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

सदस्य, कळवा, ठाणे

माझे वरचे मत मी मागे घेतो. मी सांगितले तसे केले असते तर नव्या बोअरमध्ये नवा पिस्टन त्याच वाकड्या रॉडवर बसला असता. लेथवर ब्लॉक आणि क्रँक जातात. रॉड सहसा गॅरेजमध्येच राहतात, आम्ही फक्त वाट्या बदलतो. यापुढे रॉडही पाठवत जाईन. २००५ च्या पाण्यातून निघालेल्या किती गाड्या मी स्वतः प्लग काढून सुरू करून दिल्या, ते आता आठवते आहे.

सदस्य, नेरूळ, नवी मुंबई

जुन्या आजाराचे मूळ सापडले, आता नव्याकडे वळू. ऑइलमध्ये पेट्रोल येण्याचे मार्ग मुख्यतः तीन. चोक अडकल्याने किंवा मिश्रणात पेट्रोल प्रमाणाबाहेर वाढल्याने न जळलेले पेट्रोल रिंगांवरून खाली उतरते. कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई नीट बसत नसल्याने पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये वाहते. किंवा इंजिनाच्या अंगावर बसवलेल्या यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल थेट आत पडते. पहिल्या दोहोंत प्लग काळे, ओलसर निघतात. तुमचे प्लग कसे होते? पंप सोडवून, नळी लावून, रॉकेलने भरून एक रात्र कोरड्या कागदावर ठेवा आणि हाताने तरफ चालवून पाहा.

वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलविषयी येथे कोणी तरी लिहीलच, म्हणून आधीच सांगतो. या गाड्यांचे पडदे आणि रबरी नळ्या अशा पेट्रोलसाठी बनलेल्या नव्हत्या, हे खरे आहे, आणि नवा पडदा घेताना तो इथेनॉल सोसणारा आहे याची खात्री करून घ्यावी. परंतु सहा वर्षे कोरडा पडलेला पडदा पहिल्याच दिवशी साध्या पेट्रोलनेही तडकू शकतो. नुसता फाटलेला पडदा पाहून दोष इंधनावर ढकलू नये. पडदा फुगून मऊ झाला आहे की वाळून चिरला आहे, ते हातात घेऊन पाहावे.

सदस्य, मानपाडा, ठाणे

लेथवर जाण्याआधी माझ्या काही सूचना. आधी पिस्टन हातात घ्या, मग बोअर करा. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ ची होती आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती बंद झाली. टॅक्सी होत्या तोवर या इंजिनाचे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सहज मिळत, आता जे माप मिळेल त्याप्रमाणे इंजिनाने जुळवून घ्यायचे आहे. डब्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. चारही पिस्टन मायक्रोमीटरने मोजून, प्रत्येकाच्या मापाप्रमाणे त्याचा बोअर करून घ्या आणि पिस्टनवर क्रमांक लिहा. बेअरिंगचेही तेच: वाट्या दहा थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मिळतात की वीसच्या, हे कळल्यावरच क्रँक घासायला द्या.

क्रँक घासताना जर्नल आणि बाजू यांच्या सांध्यातली गोलाई कायम ठेवण्यास स्पष्टपणे सांगा. तिथे धारदार कोपरा राहिला तर पुढे तिथूनच तडा जातो. क्रँकमधल्या ऑइलच्या वाटांची बुचे काढून आतला गाळ साफ केल्याशिवाय ती परत घेऊ नका. चार दशकांचा गाळ नव्या बेअरिंगमध्ये पहिल्या तासाला उतरतो. ऑइल पंपाच्या दात्यांची आणि झाकणाची झीजही पाहा. ऑइलचा दिवा लुकलुकण्यात त्याचाही वाटा असू शकतो.

वाकलेले रॉड थंडच दाबून सरळ करण्याची पद्धत आहे, मीही केले आहेत. तुमच्या रॉडच्या बाबतीत मी ते करणार नाही. तो आखूड झाला आहे आणि वाकलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षे भार सोसला आहे. दुसरा रॉड शोधा, रंगद्रव टाकून तडे तपासा, समांतरपणा मोजा आणि वजन बाकीच्या तिघांशी जुळवा.

धागाकर्ता

प्लग चारही करड्या-तपकिरी रंगाचे होते, ओला एकही नव्हता, म्हणून नेरूळच्या दादांच्या तीन मार्गांपैकी पंपावरच लक्ष दिले. पंपात रॉकेल भरून ठेवले, सकाळी त्याच्या इंजिनात बसणाऱ्या बाजूखालचा कागद भिजलेला होता. उघडल्यावर पडद्याला मध्याजवळ बोटाच्या पेराएवढी चीर दिसली. कापड कडक आणि ठिसूळ झाले आहे, फुगलेले किंवा मऊ नाही. म्हणजे तो वाळूनच गेला असावा.

पंपाच्या खालच्या भागाला एक बारीक छिद्र असते, पडदा फाटला तर पेट्रोल बाहेर ठिबकावे आणि मालकाला कळावे म्हणून. माझ्या पंपाचे ते छिद्र जुन्या मळीने आणि वरून मारलेल्या रुपेरी रंगाने पूर्ण बुजले होते. तो रंग गाडी पुन्हा सुरू करताना इंजिन नीटनेटके दिसावे म्हणून मीच मारला होता. पेट्रोलला बाहेरचा मार्ग न मिळाल्याने ते आत गेले.

पिस्टन संच मिळाला आहे, चारही मोजले आहेत. वाट्या वीस थाऊच्याच मिळाल्या, म्हणून क्रँक त्या मापाला घासायला काल वागळे इस्टेटला दिली. लेथवाल्यांनी तिसऱ्या रॉडच्या वाट्यांची जोडी आणि तो रॉड हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि बाकीचे तीन रॉडही तपासणीसाठी ठेवून घेतले. तिसऱ्याच्या जागी लावायचा रॉड एका निकालात काढलेल्या इंजिनातून मिळाला आहे, तो तड्यांसाठी तपासून झाला आहे, वजनात तो सात ग्रॅमने जास्त आहे आणि ते टोपीकडच्या जाड भागातून कमी करायचे ठरले आहे. पंपाचा नवा पडदा बसवला, छिद्र तारेने मोकळे केले. वडिलांच्या वहीत आजच्या तारखेखाली पहिली नोंद मी केली आहे: पंपाचे छिद्र दर महिन्याला पाहणे.